कॅमेऱ्याआधी बिल तपासा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कॅमेरा-खरेदीवरचा लेख वाचला. मांडणी नेटकी, छपाई सुरेख आणि सल्ला चुकीचा. ‘वापरलेला घेण्यापेक्षा ग्रे घ्यावा, तो निदान कोरा तरी असतो; वॉरंटी दुकानदार देतोच’ हे वाक्य (ग्रे म्हणजे अधिकृत आयातदाराला वगळून, बहुधा पक्क्या बिलाविना आलेला माल) ठळक चौकटीत टाकण्याआधी कोणीतरी कुठल्याही सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपाशी तासभर बसून यायला हवे होते. तिथे पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसतोच. ‘बिल आहे का?’ हा असतो. (लेखासोबत ‘मिररलेस’ म्हणून छापलेल्या कॅमेऱ्यात आरसा आहे, हे जाता जाता.)

ग्रे माल नकली नसतो, एवढे लेखकाचे बरोबर. तो कंपनीनेच हाँगकाँगच्या किंवा दुबईच्या बाजारासाठी बनवलेला असतो. पण वॉरंटी नुसत्या कॅमेऱ्याला चिकटून येत नाही. ती त्या त्या देशात माल आणणाऱ्या अधिकृत कंपनीने घेतलेली जबाबदारी असते. इथल्या कंपनीला ज्या बॉडीवर (म्हणजे लेन्सविना नुसत्या कॅमेऱ्यावर) एक पैसा मिळाला नाही, तिच्यावर ती खर्च का करील? अमेरिकेतली निकॉन तर ग्रे वस्तू पैसे मोजले तरी दुरुस्तीला घेत नाही. आपल्याकडे पैसे भरून काम होईल का, हे ज्या त्या कंपनीला विकत घेण्याआधी विचारावे लागते. ‘इंटरनॅशनल वॉरंटी आहे’ असे दुकानदार म्हणाला तर कार्ड उघडून ती कोणकोणत्या देशांत चालते ते वाचावे. बऱ्याचदा ती लेन्सपुरती निघते किंवा एकाच देशाची निघते.

मग ‘दुकानदाराची एक वर्षाची वॉरंटी’ म्हणजे काय? पावतीवर मारलेला शिक्का. बिघाड झाला की कॅमेरा बाहेरच्या कारागिराकडे जातो. आपल्याकडच्या कारागिरांच्या हाताबद्दल वाद नाही. पण नवे शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) बसवायचे तर बहुतेक बॉडींत सेन्सर (चित्र टिपणारी चकती) काढावा लागतो, आणि तो परत बसवताना माउंटशी, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याशी, अगदी समांतर यावा लागतो. मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा फरक पडला तरी फोटोची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ येते. कंपनीकडे त्यासाठी मोजणीची साधने आणि सॉफ्टवेअर असते, बाहेर अंदाज असतो. शिवाय सुटा भाग अनेकदा दुसऱ्या मेलेल्या बॉडीतून काढलेला. तो किती वापरलेला होता, हे त्या बॉडीलाच ठाऊक.

लेखातल्या ‘व्यावसायिकांची बचत’ या तक्त्याने तर कमाल केली. दीड लाखाच्या पक्क्या बिलात कॅमेऱ्याची मूळ किंमत १,२७,११९ रुपये आणि १८ टक्के जीएसटी २२,८८१ रुपये असतो. ग्रेवर हा कर भरलेला नसतो; तो स्वस्त पडतो तो मुख्यतः एवढ्यानेच. जीएसटी २८ टक्के होता तेव्हा मोह समजण्यासारखा होता. १ जानेवारी २०१९ पासून तो १८ आहे. पण ज्या छायाचित्रकाराची जीएसटी नोंदणी आहे आणि जो गिऱ्हाइकाला कर लावून बिल देतो, त्याला हे २२,८८१ रुपये इनपुट क्रेडिट म्हणून वळते करून मिळतात. म्हणजे परत मिळणारे पैसे वाचवण्यासाठी त्याने वॉरंटी सोडायची! हा हिशेब कोणी तपासला? वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या, नोंदणी नसलेल्या माणसाची बचत खरी आहे, हे मान्य. मात्र विनाबिल कॅमेऱ्याचा विमा उतरवताना आणि चोरीनंतर दावा करताना तो काय दाखवणार, हे तक्त्यात नाही.

ग्रे ओळखायचा कसा, यावर लेखात एक ओळ आहे: ‘जाणकाराला विचारा’. कशाला? बॉक्सवर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापलेला किंवा चिकटवलेला असणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. तो स्टिकरच नसेल तर पुढे बोलू नये. चार्जरची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसते का आणि त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘R’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. जपानच्या बाजारातल्या सोनीच्या बऱ्याच बॉडींमध्ये मेनू फक्त जपानीत असतो आणि तो बदलता येत नाही. कंपनीच्या मूळ बॉक्सशिवाय सुटी मिळणारी ‘व्हाइट बॉक्स’ लेन्स ही किट (बॉडी आणि लेन्सचा एकत्र संच) फोडून काढलेली असते. तिच्या वॉरंटीचे कागद ज्या बॉडीबरोबर होते, ती दुसऱ्याच कोणाकडे गेलेली असते. आणि फोर्टात बोरा बाजारच्या आसपास पक्के बिल देणारी जुनी दुकानेही आहेत. सगळ्यांना एका काठीने हाकू नये.

आता वापरलेल्या कॅमेऱ्याकडे. लेख म्हणतो, ‘शटर काउंट (शटर आजवर किती वेळा चालले तो आकडा) २०,०००च्या आत असेल तर डोळे मिटून घ्या.’ डोळे मिटून? निकॉन डी८५०चे शटर २,००,००० वेळा आणि कॅनॉन ५डी मार्क फोरचे १,५०,००० वेळा चालेल अशी चाचणी कंपनीने केलेली आहे, म्हणून २०,००० म्हणजे नवाच, असा हा तर्क. पण व्हिडिओ चालू असताना शटर उघडेच राहते. दोन-तीन हंगाम लग्नाचे शूटिंग केलेली बॉडी ८,००० काउंट दाखवू शकते आणि तिचा सेन्सर शेकडो तास तापलेला असतो. म्हणून एचडीएमआयची (व्हिडिओ बाहेरच्या पडद्यावर नेणाऱ्या केबलची) खाच ढिली आहे का, तळाच्या स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे आहेत का आणि ग्रिपचे रबर सुटले आहे का, हे काउंटच्या आधी बघावे. निकॉनमध्ये काउंट फोटोच्या माहितीतच मिळतो. कॅनॉनच्या बऱ्याच बॉडींत तो तिथे नसतो, कॅमेरा केबलने जोडून सॉफ्टवेअरने वाचावा लागतो. विकणारा ‘दिसत नाही’ म्हणाला म्हणजे खोटेच बोलतो असे नाही.

सगळ्यात मोठा धोका लेखात नावालाही नाही: लेझर. वराती, संगीत, विसर्जन मिरवणुका यांत फिरलेल्या मिररलेस बॉडीचा सेन्सर कायम उघडा असतो. किरण लेन्समधून थेट आत गेला तर क्षणात तिथले पिक्सेल जळतात. फोटोत बारीक रंगीत रेघ किंवा न हलणारा ठिपका उरतो. आरशाच्या कॅमेऱ्यात नुसते नेम धरताना सेन्सर वाचतो, पण मग तो किरण व्ह्यूफाइंडरमधून डोळ्यात जातो. हे नुकसान वॉरंटीत बसत नाही, आणि सेन्सर हा कॅमेऱ्यातला सर्वांत महाग भागांपैकी एक. तपासणी सोपी आहे. लेन्सवर टोपी लावून आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) ३२०० वर एक सेकंदाचा फोटो घ्यावा, मग पांढऱ्या भिंतीचा एफ/५.६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) वर एक. दोन्ही संगणकावर पूर्ण मोठे करून रेघा शोधाव्यात. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर त्या दिसतीलच असे नाही. धुळीसाठी त्याच भिंतीचा एफ/१६ वर मुद्दाम फोकस घालवून एक फोटो काढावा. धूळ पुसता येते, रेघ नाही. शेवटी २० मिनिटे सलग व्हिडिओ चालवून कॅमेरा तापून बंद पडतो का ते बघावे.

आणि लेझरचा विषय निघालाच आहे म्हणून: गेल्या विसर्जनाचा आपल्या पहिल्या पानावरचा हिरव्या-निळ्या झोतांचा चार कॉलमी फोटो ‘डोळे दिपवणारी रोषणाई’ या ओळीखाली छापला होता. डोळे खरोखरच दिपतात हो. नेत्रतज्ज्ञ दरवर्षी सांगतात, आपणही आतल्या पानावर छापता. निदान दोन्ही बातम्या एका पानावर घ्या.

लेन्सची बुरशी लेखकाला आठवली नाही, याचे कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना विशेष वाटेल. लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स परत द्यावी. दोन-चार धुळीचे कण दिसले तर घाबरू नये. बुरशीही वॉरंटीबाहेर असते, नव्या लेन्सलासुद्धा. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत राखावी.

हे सगळे तपासूनही वापरलेला कॅमेरा मूळ बिलाशिवाय घेऊ नये. कंपनीची वॉरंटी पहिल्या बिलाच्या तारखेपासून मोजतात. १४ महिने वापरलेल्या आणि दोन वर्षांची वॉरंटी असलेल्या बॉडीचे १० महिने शिल्लक असतात, पण काही कंपन्या ती पहिल्या खरेदीदारापुरतीच मानतात. त्यामुळे पैसे देण्याआधी सीरियल नंबर सांगून कंपनीला फोन करावा. बॉडीवरचा, बॉक्सवरचा आणि बिलावरचा नंबर एकच हवा. विकणाऱ्याकडून स्वतःच्या सहीची, तोच नंबर लिहिलेली पावती घ्यावी. दुकानातून घेत असाल तर दुकानाचे बिल मागावे. जुन्या मालावर दुकानदाराला कर फक्त स्वतःच्या नफ्यापुरता भरण्याची सोय आहे, तेव्हा ‘बिल केलं तर महाग पडेल’ ही सबब फारशी टिकत नाही. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथेही सुरुवात बिलापासूनच होते.

तेव्हा बिलासह जुना कॅमेरा आणि बिलाविना कोरा, यांत आपल्या चौकटीने उलटी निवड केली आहे. दुरुस्ती तेवढ्याच ठळक अक्षरांत यावी. पत्र लांबले आहे, कल्पना आहे. कात्री लावायचीच झाली तर विसर्जनाचा परिच्छेद कापा, बिलाचा नको.

— कॅमेरा दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, दादर