कम्युनिटी कॉलेजचे अर्ज : येत्या शनिवारी एकत्र भरूया

मंडळी, फॉल सत्राचे (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या) अर्ज भरायला शनिवारी सकाळी १० वाजता ग्रंथालयातल्या नेहमीच्या खोलीत जमायचं आहे. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात (साधारण दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेलं सरकारी कॉलेज) शिकायचं मनात असलेल्यांनी, विशेषतः भारतात शिकलेल्या ताईंनी, जरूर यावं.

प्रवेशाची धास्ती नको. वय १८ पूर्ण किंवा हायस्कूल पूर्ण, एवढं पुरतं. अर्ज 'सीसीसी अप्लाय' (CCCApply) या वेबसाइटवर, मोफत.

खरा प्रश्न फीचा. सत्र सुरू होण्याआधी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य दाखवता आलं, तर सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात दर युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर. नाहीतर कितीतरी पट जास्त. एच-४ व्हिसावरही (एच-१बीवर काम करणाऱ्याच्या जोडीदाराचा) ही सवलत मिळू शकते, एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) नाही.

सोबत आणा:
- पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं
- घराचा करार, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न (नाव सगळीकडे सारखं आहे ना, घरीच पाहा, वडिलांचं नाव मधे आलं-गेलं की खुलासे मागतात)
- मार्कशीट

गणित-इंग्रजीच्या वर्गासाठी आता प्लेसमेंट परीक्षा (पातळी ठरवणारी चाचणी) नाही. इथल्या मुलांचे हायस्कूलचे गुण पाहतात, आपल्याला प्रश्नावली भरून पातळी निवडता येते. कृपया भीतीपोटी खालची पातळी निवडू नका, वर्ष वाया जातं.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावं.