आधी गेल्या वर्षीचा हिशेब दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आयोजकांची तक्रार वाचली. कोल्हापुरातल्या उद्योजकांनी हात आखडता घेतलाय, स्पर्धांना नि कार्यक्रमांना प्रायोजक मिळेनात, असा सूर होता. बातमीत सगळे मागणारेच बोलले होते. ज्यांच्या दारात ते जातात त्यांच्यापैकी एकालाही कुणी विचारलेलं दिसलं नाही, म्हणून हे पत्र.

शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीनशॉप आहे. सासऱ्यांनी १९७४ साली एका लेथवर सुरू केलेलं. आता दीर आणि मी भागीदार. ते मशीन बघतात, मी हिशेब आणि ऑफिसात येणारी माणसं. चार सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन, अकरा कामगार, आणि शिरोली-गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या पाच कंपन्यांचं जॉबवर्क, म्हणजे पंपाचे नि ट्रॅक्टरचे पार्ट. प्रायोजकत्वासाठी आलेलं पत्र मी टाकून देत नाही, बॉक्स फाईलला लावते. तुमची बातमी वाचून फाईल काढली आणि गेल्या दिवाळीपासूनची पत्रं मोजली. एकतीस भरली.

त्यातल्या एकोणीस पत्रांची सुरुवात 'राजर्षी शाहू महाराजांच्या पावन नगरीत' अशी आहे. पुढे कलानगरी, क्रीडानगरी, कुस्तीपंढरी. अहो, मी इथलीच. महाराजांनी गायक अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, कुस्तीसाठी खासबागचं मैदान बांधलं, हे आम्हाला शाळेत असल्यापासून पाठ आहे. पण महाराजांच्या पुण्याईवर चेक फाडायला मला का सांगताय? तुमचं मंडळ काय करणार आहे ते सांगा की. ते कळायला दुसरं पान उलटावं लागतं, आणि तिथं मंडळाच्या स्थापनेपासूनचे अध्यक्ष असतात.

मग येतो तक्ता. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर. गुजरीत, सराफाच्या दुकानात येऊन बसल्यासारखं वाटतं. गोल्डला एकावन्न हजार आणि त्या बदल्यात 'फ्लेक्सवर ठळक प्रसिद्धी'. एका वर्षी आम्ही सिल्व्हर घेतलं होतं. शाहू स्टेडियमला फुटबॉलची मॅच बघायला गेलो, तर फ्लेक्सवर अध्यक्ष, उपाध्यक्ष, मार्गदर्शक, आधारस्तंभ यांचे वीतवीतभर फोटो आणि खाली मुंग्यांची रांग लागावी तशी प्रायोजकांची नावं. आमचं नाव दिरांना चष्मा लावून सापडलं. त्यात 'इंजिनिअरिंग' चुकलेलं होतं.

समजा नाव मोठं असतं, बरोबर असतं, तरी आम्हाला उपयोग काय? आमचा माल दुकानात मिळत नाही. स्टेडियमवर शिवाजी पेठेतली नि मंगळवार पेठेतली हजारो माणसं घसा फोडून ओरडत असतात. त्यातला एकजणही उद्या सकाळी पंपाचा शाफ्ट घ्यायला आमच्याकडे येणार नाही. हीच जाहिरात चप्पलवाल्याला, मिसळवाल्याला, कपड्याच्या दुकानदाराला सोन्याची आहे. आम्हाला टंचाई आहे ती व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही मापाची हत्यारं नीट धरता येणाऱ्या पोरा-पोरींची. एकतीस पत्रांत एकानंही 'काकी, तुमचा धंदा कशावर चालतो?' असं विचारलेलं नाही. सगळीकडे मजकूर एकच, फक्त 'प्रति'पुढचं नाव बदललेलं. एकात तर तेही बदलायचं राहिलं होतं, आमच्या हातात शेजारच्या फौंड्रीचं पत्र!

हल्ली पत्रात 'आपल्या सीएसआर निधीतून' असं हमखास असतं. सीएसआर म्हणजे कंपनीनं समाजकामावर करायचा खर्च. तो कायद्यानं लागू होतो कंपन्यांना, आणि त्यातही ज्यांचा नफा वर्षाला पाच कोटी किंवा उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटींच्या वर आहे त्यांना. आमची भागीदारी फर्म आहे. पाच कोटी नफा असता तर मी हे पत्र माथेरानला बसून लिहिलं असतं. मोठ्या कंपनीकडे जाणाऱ्यांनीही एक ध्यानात घ्यावं: आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येत नाही. बोर्डावर नाव लावणार असाल तर जाहिरातीचं बजेट बघणाऱ्या माणसाला भेटा. सीएसआरवाल्याकडे गेलात तर तो चहा पाजून परत पाठवेल. आणि आमच्यासारख्या फर्मनं मंडळाला प्रायोजकत्व दिलं की त्यावरचा १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जनं, म्हणजे पैसे घेणाऱ्याऐवजी देणाऱ्यानं, आम्हालाच भरावा लागतो. पंचवीस हजार म्हणजे आधी साडेएकोणतीस हजार खिशातून जातात, वरचे साडेचार हजार पुढे जीएसटीच्या क्रेडिटमधून वळते होतात तेव्हा होतात. 'रोखच द्या काकी, चेकचं लफडं नको' म्हणणाऱ्याला मी काय दाखवू? दहा हजारांच्या वरचा रोख खर्च आयकरात धरत नाहीत. मंडळाच्या नावाचं बँक खातं आणि रीतसर पावती नसेल तर आमच्या सीएपुढं माझी बोलती बंद होते.

वेळेचंही तसंच. कार्यक्रम रविवारी आणि पत्र गुरुवारी. तेही महिन्याच्या पाच-सहा तारखेला, जेव्हा सात तारखेच्या पगाराची जुळवाजुळव चाललेली असते. तो आठवडा आणि जीएसटीची वीस तारीख टाळून आलात तर निम्मं काम तिथंच होतं. हे कुठल्या पुस्तकात नसेल, पण उद्यमनगरात कुणालाही विचारा.

आता एका चांगल्या पत्राबद्दल सांगते. तीन वर्षांपूर्वी इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं आली, दोन मुली आणि एक मुलगा. विद्यार्थ्यांची बाहा नावाची स्पर्धा असते. दगडधोंड्यांतून चालणारी, एका माणसाची गाडी स्वतः बनवायची आणि शेवटी ती चार तास पळवायची. त्यांचं पत्र एक पानाचं होतं. माझं नाव बरोबर. शाहू महाराज नाहीत, प्लॅटिनम नाही. पहिलंच वाक्य असं: 'आमच्या गाडीचे चार हब आणि दोन स्टब ॲक्सल तुमच्या टर्निंग सेंटरवर होण्यासारखे आहेत, त्यासाठी आम्हाला बत्तीस तास मशीन आणि पंधरा हजार रुपये हवे आहेत.' हब नि स्टब ॲक्सल म्हणजे चाक ज्यांवर बसतं ते भाग. आमच्याकडे कुठली मशीन आहेत हे त्यांना कसं कळलं? गेटवरच्या मामांना विचारून गेले होते म्हणे.

खाली पैशाचा हिशेब. एकूण खर्च ५ लाख ८० हजार. कॉलेज देणार २ लाख, पंचवीस मुलं स्वतःच्या खिशातून चार-चार हजार म्हणजे १ लाख, आणखी दोन ठिकाणांहून कबूल झालेले १ लाख ४० हजार. कमी पडतात १ लाख ४० हजार. त्यातलं आमच्याकडून काय हवं आणि आम्ही नाही म्हटलं तर काय करणार, तेही लिहिलेलं: जुन्या गाडीचे हब घासून वापरू, वजन वाढेल. स्वतःचे चार-चार हजार आधी ठेवलेल्या पोरांना नाही म्हणायला जीभ रेटत नाही. बदल्यात काय? गाडीवर नाव होतंच, पण त्याखाली एक ओळ होती. आमच्या दोन ऑपरेटरना कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, शिकवायला ती मुलं आठ रविवार येणार होती. आणि आली. सहा रविवार आली, दोन परीक्षेत गेले, तसं आधी कळवलं.

दिरांनी बत्तीसच्या जागी चाळीस तास मशीन दिलं. गाडी शर्यतीत दुसऱ्या तासाला मोडली.

मला वाटलं, झालं, आता ही पोरं तोंड दाखवायची नाहीत. आमच्या अनुभवात जिंकलेलेही परत येत नाहीत. ट्रॉफीचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो आणि मग थेट पुढच्या वर्षीचं पावतीपुस्तक. ही तीन पोरं दहा दिवसांनी आली. फडक्यात गुंडाळलेला तुटका स्टब ॲक्सल टेबलावर ठेवला. 'काकी, चूक ड्रॉइंगमधली, आमची. खांद्यापाशी, जाडी बदलते तिथं, फिलेट रेडियस म्हणजे कोपऱ्याची गोलाई कमी ठेवली होती, तिथनंच चीर गेली. तुमच्या मशीनचा दोष नाही.' दिरांनी भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. मग फाईल उघडली. बिलं क्रमानं लावलेली, बँकेचा उतारा, आणि आमच्या पंधरा हजारांतले ११४० रुपये उरले होते ते पाकिटात. मी ते घेतले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या वर्षी त्यांनी पत्र आणायच्या आधीच दिरांनी विचारलं, 'ती गाडीवाली पोरं आली नाहीत अजून?' त्या वर्षी आम्ही तीस हजार दिले, आणि आमच्याच ओळखीनं शिरोलीच्या एका कंपनीनं टायर घेऊन दिले.

एकतीस पत्रांना प्रायोजक का मिळाले नाहीत याचं मला वाटणारं कारण हे आहे. माणूस पत्राला पैसे देत नाही, आधीच्या खेपेला काय झालं त्याला देतो. गेल्या वर्षी किती लोक आले, ते तुम्ही कसे मोजले, किती जमले, कुठे गेले, काय फसलं, हे एका कागदावर लिहून आणा. पहिल्यांदाच करत असाल तर तसं सांगा आणि कमी मागा.

चुका आमच्याही आहेत. आम्हाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतो, पोरं उन्हातान्हात चार खेपा घालतात, आणि शेवटी ५०१ ची पावती फाडून त्यांची बोळवण करतो. कधी कधी वरून कुणाचा तरी फोन येतो आणि मग पत्र न वाचताच पैसे जातात. ज्याचा फोन येत नाही त्याचं चांगलं पत्र त्यात मरतं. यंदापासून मी ठरवलंय, द्यायचं नसेल तर त्याच दिवशी सांगायचं.

तुमची बातमी आली त्याच आठवड्यात एका फुटबॉल स्पर्धेचं पत्र आलं. कागद चांगला, मुलंही चांगली, बोलायला गोड. मी सोमवारी पत्रावरच्या नंबरावर फोन लावून विचारलं, 'गेल्या वर्षी किती जमले आणि किती खर्च झाले?' तिकडून उत्तर आलं, 'काकी, खजिनदाराला विचारून लगेच सांगतो.'

आज शुक्रवार.

आपली,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
(कृपया नाव छापू नये. सोमवारी दारात रांग लागेल.)