काका, त्या दिवशी मला काहीच विकलं नाहीत त्याबद्दल थँक्यू

काका, नमस्कार. मोबाईलवर तुम्ही काही वाचत नाही हे माहितीये मला, पण तुमच्या रेकॉर्डच्या दुकानात दर शनिवारी खोक्यांवर वाकून उभे असतात ना ते आठ-दहा जण, त्यातला एखादा तुम्हाला हे वाचून दाखवेलच. मी कोण ते आठवायला सोपं जावं म्हणून सांगते, रेकॉर्ड प्लेयरच्या आर्मवर, म्हणजे सुईच्या दांडीवर, नाणं चिकटवणारी मुलगी. आता आठवलं असेल.

खरं तर मी त्या दिवशी भांडायला आले होते. तुमच्याकडून घेतलेली एलपी, म्हणजे ती मोठी रेकॉर्ड, दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एका ठिकाणी उडी मारायची, मग कोणीतरी सांगितलं म्हणून मी सुईच्या वर एक नाणं चिकटवलं, तर उडी बंद झाली पण शेवटच्या गाण्यात गाणारीचा प्रत्येक ‘स’ असा फाटायला लागला की ऐकवेना. येताना रस्ताभर डायलॉगची तयारी केलेली, पावती आहे माझ्याकडे, बदलून द्या नाहीतर पैसे द्या वगैरे. तुम्ही काहीच बोलला नाहीत. रेकॉर्ड पाकिटातून काढलीत, फक्त कडा आणि मधलं लेबल यांना हात लागेल अशी धरलीत, ट्यूबलाइटखाली तिरकी केलीत आणि हळूहळू फिरवत बघत राहिलात, चांगली दोन-तीन मिनिटं, मागे गिऱ्हाईक थांबलेलं असताना. मग काउंटरवरच्या प्लेयरवर नेमकं तेच तिसरं गाणं लावलंत. उडी नाही. शेवटचं लावलंत, ‘स’ किंचित खरखरीत पण फाटत नव्हता. माझे सगळे डायलॉग पोटातच राहिले.

मग विचारलंत, "वजन किती ठेवलंयस?" मी म्हटलं, "कसलं वजन?" आणि तुम्ही हसला नाहीत. याचे वेगळे आभार, कारण मागे उभा असलेला तो दाढीवाला हसला होता.

पुढच्या शनिवारी मी प्लेयरच उचलून आणला. मी काय केलं होतं तर आर्मच्या मागचं वजन कधी बॅलन्सच केलं नव्हतं, बॉक्समधून काढलं, फिरवून अंदाजाने बसवलं आणि आकडा २ वर आणून ठेवला, झालं. तुम्ही आधी आर्म तराजूच्या दांडीसारखा हवेत आडवा तरंगेल इतकं वजन मागे-पुढे केलंत, तिथे आकडा शून्यावर आणलात आणि मग कुठे १.८ ग्रॅम लावलंत, आणि म्हणालात शून्य कुठे आहे तेच माहीत नसेल तर त्या २ ला काय अर्थ. म्हणजे माझी सुई इतके महिने जेमतेम टेकत होती म्हणून उडत होती, आणि वरून नाणं ठेवल्यावर एकदम कितीतरी जास्त भार. तेव्हा तुम्ही सांगितलेलं अजून डोक्यात आहे, की रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ २० च्या आसपासच, म्हणून तेवढाच आवाज आत दाटीवाटीने कोरलेला असतो, आणि सेटिंग चुकलं की पहिला मार शेवटच्या गाण्याला बसतो. त्या एका गाण्यात जी किंचित खरखर राहिलीये ती माझ्या नाण्याची. खाच झिजली की झिजली, ती काही भरून येत नाही.

आणि मी पैसे हातात घेऊन नवीन सुई मागत होते, तर तुम्ही भिंगातून बघून म्हणालात ही ठीक आहे, अजून चालव. असा दुकानदार मी तरी पाहिला नव्हता. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला ‘पहिलं प्रेसिंग’, म्हणजे अगदी पहिल्या खेपेत छापलेली, म्हणून जी एलपी गळ्यात मारली होती, ती तुम्ही लेबलच्या बाहेरच्या कोऱ्या पट्टीत खरवडलेला नंबर वाचून दोन मिनिटांत नंतरची ठरवलीत, तो विषय राहू दे, अजून दुखतं. "आवाज छान आहे, ऐक" एवढंच म्हणालात.

पण हे पत्र मुळात लिहितेय ते आजोबांच्या खोक्यासाठी.

माळ्यावरून ते खोकं निघालं तेव्हा मी तुमच्याकडे फक्त एक बाटली घ्यायला आले होते, ती स्पिरिटवाली क्लीनिंग लिक्विडची. ती तुम्ही काउंटरवर ठेवलीत, हात मात्र तिच्यावरच ठेवून विचारलंत, कोणत्या रेकॉर्ड धुणार आहेस? मी सांगितलं आजोबांच्या, जाड आहेत, जड आहेत, एक तर उतरवतानाच फुटली. ‘फुटली’ म्हटल्याबरोबर तुम्ही बाटली परत कपाटात टाकलीत. म्हणालात, व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची, एलपी कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली, त्याच्या आधीच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, तबकड्या म्हणजे लाख आणि दगडाची भुकटी, आणि फर्निचरचं पॉलिश करणारे तोच लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात ना, मग तू काय करायला निघालीयेस? मला खरंच घाम फुटला हो. त्या रात्री मी सगळं खोकं धुवायला बसणार होते, गाणी अक्षरशः पुसून टाकली असती, तीही मोठ्या प्रेमाने.

त्याऐवजी तुम्ही मऊ फडकं, डिस्टिल्ड वॉटर, तेही जेमतेम ओलसर, आणि लेबलला पाणी लागू द्यायचं नाही असं सांगून पाठवलंत. आणि एलपीच्या सुईने वाजवू नकोस, या खाचा साधारण तिप्पट-चौपट रुंद असतात, बारीक सुई तळाशी घसरत राहील आणि नुसती धूळ ऐकवेल. ७८ ची वेगळी सुई मात्र तुम्ही विकलीत, पण तीही दोन आठवडे तुमची वापरून बघ म्हणून दिल्यावर.

खोक्यात एक छोटी पत्र्याची डबीपण होती, टाचण्यांसारख्या स्टीलच्या सुयांनी भरलेली. मी उत्साहात दाखवली तर तुम्ही म्हणालात ह्या चावीच्या ग्रामोफोनच्या, तुझ्या प्लेयरच्या जवळपास आणू नकोस, त्या काळी एक बाजू वाजली की सुई बदलायची. मग तुम्ही भिंग घेऊन लेबल बघायला लागलात आणि एकदम मला जवळ बोलावलंत. लेबलच्या कडेने पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघा. चार उभ्या, एक आडवी, परत चार उभ्या. मला त्या कुणा पोरांनी मारलेल्या रेघोट्या वाटल्या होत्या. तुम्ही म्हणालात, मोजत होते बहुतेक, किती वेळा वाजवली ते. एका तबकडीवर सत्तेचाळीस निघाल्या, आपण दोघांनी दोनदा मोजल्या. बाकीच्यांवर कुठे पाच, कुठे आठ.

ती सत्तेचाळीसवाली मी घरी तुमच्या सुईने लावली. खरखर भरपूर होती, मधे एक टकटक होती, जेमतेम तीन मिनिटांत बाजू संपली. आईने स्वयंपाकघरातून येऊन उभ्यानेच ऐकली आणि म्हणाली परत लाव. मी पेन्सिल शोधून अठ्ठेचाळीसावी आणि एकोणपन्नासावी रेघ मारली. रेकॉर्डच्या लेबलवर लिहू नये हे तुम्हीच शिकवलंय, माहितीये, तरी मारली.

एक तक्रार आहे. तुमच्या दुकानात काय कुठे आहे हे फक्त तुमच्या डोक्यात असतं, ‘इतर’ लिहिलेल्या खोक्यात अर्धं दुकान कोंबलंय आणि तुम्ही सुट्टीवर गेलात की तुमचा भाचा आणि आम्ही सगळे मिळून आंधळी कोशिंबीर खेळतो.

आणि त्याच ओघात कबुली देऊन टाकते. लष्करी बँडच्या खोक्यात सगळ्यात मागे पियानोची एक एलपी उलटी खोचलेली आहे, निळं कव्हर, कोपरा थोडा चेपलेला. ती तिथे चुकून गेलेली नाही, पगार होईपर्यंत मी लपवलीये. प्लीज जागेवर नेऊन ठेवू नका, आणि त्या दाढीवाल्याला तर अजिबात सांगू नका, शनिवारी येतेय.