पुणे की नागपूर : प्रश्न दुसऱ्या नोकरीचा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

राहायला पुणे बरे की नागपूर, या विषयावरील वाचकांची पत्रे आपल्या दैनिकात गेले काही आठवडे प्रसिद्ध होत आहेत आणि मी त्यांतले एकही चुकवलेले नाही, कारण हाच प्रश्न गेले दीड वर्ष आमच्या घरात ठाण मांडून बसला आहे. बहुतेक पत्रांचा रोख शहराच्या थोरवीवर आहे. एका वाचकाने पेशवाईपासून सुरुवात केली, दुसऱ्याने १९५६ पर्यंत नागपूर ही एका मोठ्या राज्याची राजधानी होती याची आठवण करून दिली. कोणी पुण्याच्या टेकड्या मोजल्या, तर कोणी ताडोबा आणि पेंचचे अंतर. मी जन्माने आणि मनाने नागपूरची आहे, त्यामुळे हा अभिमान मला परका नाही. परंतु ज्यांना खरोखर घर सोडायचे किंवा घ्यायचे आहे, त्यांच्या उपयोगाचे या चर्चेत फारसे काही आलेले नाही, म्हणून हे पत्र.

आमची परिस्थिती थोडक्यात सांगते. मी येथील एका कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झाले. माझे यजमान शासकीय सेवेत होते. दक्षिण-पश्चिम नागपुरातल्या एका जुन्या लेआउटमध्ये आमचे दुमजली घर आहे. मुलगा आणि सून दोघेही पुण्यात नोकरी करतात आणि वाघोलीत त्यांचा फ्लॅट आहे. नातीच्या जन्मानंतर आम्ही दोघे सलग अकरा महिने तिथे राहिलो. आता मुलांचा आग्रह आहे की नागपूरचे घर विकून आम्ही कायमचे पुण्याला यावे. आमच्या ओळखीत अशी किमान आठ घरे आहेत, जिथे आईवडील नागपुरात, मुले पुण्यात आणि मध्ये हाच प्रश्न आहे.

पुण्यातल्या वास्तव्यात माझ्या मनावर सर्वात खोल उमटली ती सोसायटीच्या फाटकावरची एक वही. तिच्या पानांवर रखवालदार टँकरचा क्रमांक, आत आल्याची वेळ आणि टाकीत किती पाणी पडले याची नोंद करीत असे. पाणी मोजण्यासाठी त्याच्याकडे खुणा केलेला बांबू होता. टँकर रिकामा झाला की तो बांबू टाकीत सोडायचा, ओली रेघ कुठवर आली ते बोटाने दाबून धरायचा आणि तसाच चालत येऊन वहीत आकडा लिहायचा. मार्च ते जून या काळात एका दिवसाची नोंद कधी कधी पान भरून पुढच्या पानावर जाई. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे ज्या शहराच्या उशाशी आहेत आणि ज्यांची एकत्रित साठवण क्षमता २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) पुढे आहे, त्या शहरात हे मी पाहत होते. अर्थात त्या पाण्यावर दौंड-इंदापूरच्या शेतीचाही हक्क आहे, आणि वाघोलीसह २३ गावे महापालिकेत आली ती २०२१ साली. गावे कागदावर शहरात येतात. जलवाहिनी मागून, वर्षानुवर्षे मागून येते. मुलाच्या करारनाम्यात ‘महापालिकेचे पाणी उपलब्ध होईपर्यंत’ असे शब्द आहेत. फ्लॅट घेताना ते आम्ही सर्वांनी वाचले होते आणि कोणालाही त्यांचा अर्थ विचारावासा वाटला नाही.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की तुलना शहरांच्या नावांची करू नये, ती नळाची आणि रस्त्याची करावी. कोथरूडमध्ये तीस वर्षे राहणाऱ्या माणसाचे पुणे आणि वाघोलीत काल राहायला आलेल्या माणसाचे पुणे ही एकाच महापालिकेतली दोन वेगळी ठिकाणे आहेत, आणि आपल्याकडे आलेली पुण्याच्या बाजूची बरीचशी पत्रे पहिल्या प्रकारच्या पुण्यातून लिहिलेली दिसतात. आजचा नवा माणूस तिथे राहायला जाऊ शकत नाही, कारण त्याला ते परवडत नाही.

नागपूरची बाजू मांडणाऱ्यांनीही काही गोष्टी झाकून ठेवल्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वात तापलेल्या नऊ दिवसांत कूलरच्या ताट्या सकाळ-संध्याकाळ भिजवूनही दुपारी भिंती हाताला चटका देतात. साठी ओलांडलेल्या माणसासाठी ही बाब किरकोळ नाही. आमच्याकडे पाणी मुबलक आहे असे आपण समजत होतो, पण २०१९ च्या जुलैत शहराला पाणी पुरवणाऱ्या पेंच नदीवरच्या तोतलाडोह जलाशयाने तळ गाठला आणि शहराला दिवसाआड पाणी घ्यावे लागले. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून पेंचचे पाणी पूर्वीसारखे गृहीत धरता येत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या, चांगल्या वस्तीतल्या घरांमध्ये कमरेएवढे पाणी शिरले. पुण्यालाही २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीचा आंबील ओढ्याचा पूर आणि २५ जुलै २०२४ ला पाण्याखाली गेलेली एकतानगरी विसरता येणार नाही. आणि आमच्या सिमेंटच्या रस्त्यांचे काय? आमच्या घरात शिरायला पूर्वी दोन पायऱ्या चढाव्या लागत. रस्ता दोनदा झाला, आणि आता फाटकातून आत येताना एक पायरी उतरावी लागते. दर पावसाळ्यात त्या पायरीपाशी आम्ही वाळूची पोती रचून ठेवतो.

तरीही दैनंदिन जीवनाच्या हिशेबात, आमच्यासारख्या वयाच्या माणसांसाठी, नागपूरचे पारडे जड आहे, असे मी दोन्हीकडे राहून सांगते. वाघोलीत असताना एका संध्याकाळी यजमानांच्या छातीत दुखू लागले. नगर रस्त्याने सुमारे दहा किलोमीटरवरच्या रुग्णालयात पोहोचायला आम्हाला पाऊण तासाहून अधिक वेळ लागला, आणि त्या वेळात सून चालकाशेजारी बसून पुढच्या प्रत्येक गाडीला हात जोडत होती. सुदैवाने दुखणे पित्ताचे निघाले. त्याआधी काही वर्षांपूर्वी नागपुरात असाच प्रसंग आला, तेव्हा शेजारच्या काकांनी स्कूटर बाजूला लोटून गाडी काढली आणि आम्ही दहा-अकरा मिनिटांत मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाच्या दारात होतो. ती रात्रीची दोनची वेळ होती, त्यामुळे तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, हे मान्य करते. परंतु दारावर थाप मारली की कोण उठेल, हे मला नागपुरात ठाऊक आहे. वाघोलीच्या बाराव्या मजल्यावर समोरच्या दाराआडच्या माणसांची आडनावेही मला ठाऊक नव्हती. त्यात त्यांचा दोष नव्हता. ती दोघेही सकाळी आठला निघून रात्री नऊला परतत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. इतके असूनही माझा मुलगा नागपूरला येत नाही, आणि तो चुकतो आहे असे मला म्हणता येत नाही.

याचे कारण आपल्या चर्चेत एकाही पत्रात आलेले नाही. नोकरी नागपुरातही मिळते. दोन नोकऱ्या मिळत नाहीत. २०२२ साली मुलाला मिहानमधल्या, म्हणजे नागपूर विमानतळालगतच्या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीने बोलावले होते. पगार थोडा कमी होता, पण घरभाडे नाही, हप्ता नाही, आईवडील जवळ, त्यामुळे तो तयार होता. माझी सून मोटारींमध्ये बसवल्या जाणाऱ्या संगणकप्रणालींची चाचणी घेण्याचे काम करते. आम्ही सर्वांनी मिळून दोन महिने शोध घेतला, तिच्या कामाची एकही जागा नागपुरात सापडली नाही. पिंपरी-चिंचवडला वाहनउद्योगाची साठ वर्षांची परंपरा आहे, पुढे चाकणही त्यात आले, त्याच्या शेजारी हिंजवडी, खराडी, मगरपट्टा आणि तळवडे येथे संगणक कंपन्या वाढल्या, आणि या दोन उद्योगांच्या सांध्यावर माझ्या सुनेचे काम उभे आहे. असा सांधा एखादी कंपनी आणून तयार होत नाही. त्याला एकाच गावात एकमेकींची माणसे पळवणाऱ्या पन्नास कंपन्या लागतात. पुढच्या वर्षी तिच्या कंपनीत कपात झाली आणि तिचे नाव यादीत आले. सात आठवड्यांत तिला खराडीत दुसरी नोकरी मिळाली. घर बदलावे लागले नाही, नातीचे पाळणाघर बदलावे लागले नाही. नागपुरात तीच कपात झाली असती तर तिने काय केले असते, हे सांगायला ज्योतिषी नको. ती घरी बसली असती, आणि चार महिन्यांनी सगळे म्हणाले असते की बरे झाले, मुलीकडे लक्ष द्यायला आई मिळाली.

म्हणजे नागपूर निवडायचे तर त्याची किंमत बहुतेक घरांत सुनेने किंवा लेकीने मोजायची असते. मी स्वतः चौतीस वर्षे नोकरी केलेली बाई आहे. नागपूरला परत या, असा आग्रह मुलाला करताना तो प्रत्यक्षात सुनेला नोकरी सोड असे सांगणे ठरते, हे लक्षात आल्यापासून मी तो आग्रह थांबवला आहे. मुलाने नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली. त्याच्या वर्गाला दहा वर्षे झाली तेव्हा स्नेहसंमेलन भरले ते पुण्यात, बाणेरला, कारण वर्गातली बहुसंख्य मुले-मुली तिथेच होती. जी नागपुरात राहिली, ती आईवडिलांनी चालवलेल्या घरच्या धंद्यात किंवा सरकारी नोकरीत. ज्याला दोन दारे उघडी आहेत त्याने निवड करावी. या मुलांपुढे एकच दार उघडे होते आणि तरी आपण त्यांना विचारतो की तुम्ही हेच शहर का निवडले.

विदर्भाने एकत्रित मराठी राज्यात यावे म्हणून नेत्यांमध्ये झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या, तंत्रशिक्षणातील जागा आणि खर्च देण्याचे मान्य झाले होते, आणि वर्षातून एकदा विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात घेण्याचेही. अधिवेशन बहुतेक दर हिवाळ्यात भरते. सरकारी नोकऱ्यांच्या अनुशेषावर तिथे दरवर्षी चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु आमच्या मुलांच्या पिढीचा अनुशेष त्या भाषेत मोजताच येत नाही, कारण तो खासगी नोकऱ्यांचा आहे. मिहानपर्यंत रस्ते झाले, मेट्रो मिहानलगतच्या खापरीला पोहोचली, एम्स आले, आयआयएम आले, समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. या सगळ्याचे मी मनापासून स्वागत करते. मात्र सकाळी नऊला खापरीच्या गाडीत उभे राहायला जागा नाही असा दिवस मी अजून पाहिलेला नाही, आणि तो पाहण्याची माझी फार इच्छा आहे.

प्रवासाबद्दल एवढेच लिहिते की निवड चुकली तर भेटीने भरून काढू, असे समजणाऱ्यांनी एकदा दिवाळीत पुणे-नागपूर तिकीट काढून पाहावे. रेल्वेचे आरक्षण पाहता पाहता संपते आणि ट्रॅव्हल्सचे भाडे नेहमीच्या दुपटी-तिपटीवर जाते. ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत सुरू झाली, ही चांगली सोय झाली. पण तिला सुमारे बारा तास लागतात, ती दिवसाची गाडी आहे आणि नोकरदाराची येण्याची एक व जाण्याची एक अशा दोन रजा त्यात जातात. गेल्या दिवाळीत मुले तीन दिवसांसाठी आली आणि नातीचा एक पूर्ण दिवस बसच्या प्रवासाने आलेल्या तापात गेला.

आपल्या दैनिकाकडे माझी एक विनंती आहे. कोणते शहर सरस, या चर्चेला जितकी जागा दिलीत, तितकीच जागा पुढच्या हिवाळी अधिवेशनाआधी एका प्रश्नाला द्यावी : मिहान आणि बुटीबोरी औद्योगिक वसाहत येथे आजवर प्रत्यक्ष किती नोकऱ्या भरल्या गेल्या, त्यांत अभियंत्यांच्या किती, स्त्रियांच्या किती, आणि एक नोकरी गेली तर त्याच कौशल्याची दुसरी नोकरी देणाऱ्या कंपन्या शहरात किती आहेत. जाहीर झालेल्या गुंतवणुकीचे आकडे आम्ही बरेच वाचले आहेत. पुण्याच्या वाचकांनाही यात परके वाटण्याचे कारण नाही. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे दोन-दोन नोकऱ्या मिळू लागल्या, तर वाघोलीच्या त्या वहीची पाने आपोआप कमी भरतील. आणि तोवर, आपल्या घरखरेदीच्या पुरवणीत जाहिरातीतल्या प्रत्येक प्रकल्पाखाली पाणी महापालिकेचे की टँकरचे, एवढी एक ओळ छापता आली तर अनेक कुटुंबांवर उपकार होतील.

आम्ही घर विकलेले नाही. मिहानमधून मुलाला पुन्हा एकदा विचारणा झाली आहे, आणि सुनेने नागपुरातून काम करण्याची परवानगी मागणारा अर्ज तिच्या कंपनीकडे दिला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. वरच्या मजल्यासाठी दोन भाडेकरू येऊन गेले. त्यांना आम्ही थांबायला सांगितले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर