ब्रिटनची उन्हाळी सहल: आधी तारखा, मग तिकिटे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपत आल्या की आपल्या नागपुरात ‘लंडन-स्कॉटलंड आठ दिवस’ अशा सहलींच्या जाहिराती सुरू होतात. कार्यक्रमपत्रिका चकचकीत असतात, पण त्यात एक गोष्ट हटकून सुटलेली असते. आपली उन्हाळ्याची सुट्टी आणि ब्रिटनचा पर्यटनाचा हंगाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुटुंबाचे काही लाख खर्च होतात आणि जे पाहायचे म्हणून गेलो त्याचे दारच बंद मिळते. हे टाळणे अजिबात अवघड नाही, म्हणून हे पत्र.

विदर्भातल्या शाळा एप्रिल-मेमध्ये सुटतात आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. इंग्लंडमधल्या शाळांची मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालते. स्कॉटलंडची सुट्टी जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत. तिथले बहुतेक मोठे उन्हाळी कार्यक्रम याच काळात असतात. बकिंगहॅम राजवाड्याची दालने लोकांसाठी मुख्यतः जुलै ते सप्टेंबर खुली असतात. रॉयल अल्बर्ट हॉलमधला बीबीसी प्रॉम्स हा संगीत महोत्सव जुलैच्या मध्यापासून सुमारे आठ आठवडे चालतो. एडिनबरोचे महोत्सव ऑगस्टमध्ये. मे महिन्यात जाणाऱ्या कुटुंबाला यातले सहसा काही मिळत नाही. पत्रिकेवर ‘बकिंगहॅम पॅलेस’ एवढेच छापलेले असेल तर त्याचा अर्थ फाटकाबाहेरून फोटो, असाच घ्यावा आणि पैसे भरण्याआधी तसे स्पष्ट विचारून घ्यावे.

मे-जूनचे फायदेही मोठे आहेत. गर्दी कमी, खोल्या तुलनेने स्वस्त, फक्त मेचा शेवटचा आठवडा टाळावा. तेव्हा तिथल्या शाळांना आठवडाभराची मधली सुट्टी असते आणि त्या सोमवारी बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. अशा दिवसांत रेल्वेची दुरुस्तीची कामेही काढतात, मग गाडीऐवजी बस मिळते आणि दोन तासांचा प्रवास चार तासांचा होतो.

मे-जूनमध्ये दिवस मोठा असतो, हा सगळ्यात मोठा लाभ, पण त्याचा उपयोग उलटा केला जातो. जूनच्या मध्यावर लंडनला रात्री सव्वानऊच्या पुढे सूर्य मावळतो, एडिनबरोत दहाच्या सुमारास. उजेड आहे म्हणून लोक सकाळी निवांत आवरतात, बागेत फिरतात आणि चार वाजता संग्रहालयाच्या दाराशी पोचतात. ब्रिटिश म्युझियम पाच वाजता बंद होते, नॅचरल हिस्ट्री म्युझियम सहाच्या आत, आणि शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी. म्हणून छताखालचे सारे सकाळी, उघड्यावरचे सारे संध्याकाळी. घड्याळ भारतापेक्षा साडेचार तास मागे असल्याने पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारलाच जाग येते, तेव्हा सकाळी दहाला दारात उभे राहणे काही कठीण नाही. शुक्रवार मात्र राखून ठेवावा. त्या दिवशी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दहापर्यंत उघडे असते.

या सर्व संग्रहालयांत कायमच्या संग्रहासाठी प्रवेश विनामूल्य आहे, हे जाहिरातींत कधी ठळकपणे दिसत नाही. पैसे लागतात ते खास प्रदर्शनांना. फुकट असले तरी वेळेचे तिकीट आधी काढून ठेवावे, रांग वाचते. एक सूचना आपल्याकडच्यांसाठी: व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये वाघनखे शोधत फिरू नये. ती तीन वर्षांच्या कराराने २०२४ मध्ये साताऱ्यात आली आणि पुढे आपल्या अजब बंगल्यातही, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, प्रदर्शनात होती. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावती शिल्पांचे दालन जरूर पाहावे. ही अमरावती आंध्रातली, आपल्या शेजारची नव्हे, पण महास्तूपाचे ते कोरीव चुनखडीचे पाट पाहताना तास कसा जातो ते कळत नाही. टॉवर ऑफ लंडनला मात्र तिकीट आहे आणि तेही महाग. तिथे दार उघडताच आधी रत्नागाराकडे जावे, कारण अकरानंतर रांग वाढते. कोहिनूर राणीमातेच्या १९३७च्या मुकुटात आहे, आत फोटो काढू देत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाचे. दीक्षाभूमीच्या शहरातून निघणाऱ्या सहलीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लंडनमधले घर सहसा नसते, याचे वाईट वाटते. १० किंग हेन्रीज रोड हे प्रिमरोज हिलजवळचे घर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले आणि तिथे स्मारक केले. त्यासाठी वेगळा दिवस काढायची गरज नाही, एका दिवसात सारे सुरेख बसते. सकाळी हॉबर्न स्टेशनला उतरून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. इथेच त्यांना १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. तिथून चालत ग्रेज इन, जिथून ते १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. मग ब्रिटिश म्युझियम. त्या काळी याच इमारतीतल्या गोल वाचनालयात त्यांचा अभ्यास चाले. हे तिन्ही एकमेकांपासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर आहेत.

दुपारी टॉटनहॅम कोर्ट रोडहून ट्यूबची, म्हणजे भुयारी रेल्वेची, नॉर्दर्न लाइन पकडून चॉक फार्मला जायचे. इथेच लोक चुकतात. कॅम्डन टाउननंतर या लाइनला दोन फाटे फुटतात. डब्यावर आणि फलाटावरच्या पाटीवर ‘एजवेअर’ लिहिलेले असेल तरच बसावे. ‘हाय बार्नेट’ची गाडी केंटिश टाउनकडे निघून जाते. चुकलेच तर कॅम्डन टाउनला परत येऊन फलाट बदलावा, स्टेशनबाहेर पडू नये. चॉक फार्महून घर चालत दहा मिनिटांवर आहे.

तिथे वागण्याबद्दल थोडे. ही निवासी गल्ली आहे. पाहुण्यांची वर्दळ आणि आवाज यांवरून शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, स्थानिक परिषदेने संग्रहालयाला परवानगी नाकारली आणि अखेर २०२० मध्ये वरच्या पातळीवर ती मिळाली. म्हणून पन्नास जणांची बस दाराशी नेऊ नये. आठ-दहा जणांच्या तुकड्यांनी पायी जावे, घोषणा देऊ नयेत, फुटपाथ अडवून समूहाचा फोटो घेऊ नये. भेटीच्या वेळा निघण्याआधी तपासून घ्याव्यात. पाहून झाल्यावर प्रिमरोज हिलवर चढावे. संध्याकाळी सारे लंडन समोर दिसते आणि त्याला तिकीट नाही.

लोकमान्य टिळक चिरोल या ब्रिटिश पत्रकाराविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी लंडनला होते तेव्हा मेडा व्हेल भागात १० हाउली प्लेस इथे राहत. तिथे निळी पाटी आहे, वॉरिक अव्हेन्यू स्टेशन जवळ. हायगेटमध्ये ६५ क्रॉमवेल अव्हेन्यू हे इंडिया हाऊस, म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांचे तेव्हाचे वसतिगृह, सावरकरांच्या नावाची पाटी असलेले. या दोन्ही घरांत लोक राहतात. पाटी बाहेरून पाहावी, बेल वाजवू नये.

नाटकाची आवड असलेल्यांनी टेम्सकाठचे शेक्सपिअर्स ग्लोब सोडू नये. १९९७ मध्ये जुन्या पद्धतीने बांधलेले हे नाट्यगृह, मधल्या चौकावर छत नाही. उन्हाळी हंगाम मेमध्येही चालू असतो. चौकात सुमारे सातशे जण उभे राहून पाहतात आणि ही उभ्याची तिकिटे लंडनमधल्या सर्वांत स्वस्त तिकिटांपैकी असतात. नियम कडक आहेत: बसायचे नाही, पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. पातळ रेनकोट आणि चांगले बूट घ्यावेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी गॅलरीतले बाक घ्यावेत आणि उशी भाड्याने घ्यावी. इंग्रजीची धास्ती असेल तर नाटकाची गोष्ट आदल्या रात्री मराठीत वाचून जावे. नटांच्या इतक्या जवळ उभे राहिल्यावर अडत नाही.

ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांसाठी, म्हणजे बहुधा मुलांकडे राहायला जाणारे निवृत्त आई-वडील, एडिनबरो. इंटरनॅशनल फेस्टिव्हल आणि फ्रिंज हा कुणालाही प्रयोग करता येणारा खुला महोत्सव, दोन्ही १९४७ पासूनचे; किल्ल्यापुढचा लष्करी टॅटू, म्हणजे लष्करी बँडचा सोहळा, १९५० पासूनचा. खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढतात. ग्लासगोला राहून ये-जा करणे परवडते, गाडीला पाऊण-एक तास लागतो, पण रात्रीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवावी. फ्रिंजचे प्रयोग साधारण तासाभराचे असतात. लोक एका पाठोपाठ पाच प्रयोगांची तिकिटे काढतात आणि निम्मे हुकतात, कारण प्रयोगस्थळे चढउताराच्या गल्ल्यांत विखुरलेली आहेत आणि उशिरा आलेल्यांना बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. दिवसाला तीन पुरेत, मध्ये किमान पाऊण तास ठेवावा. रॉयल माइलवर रस्त्यावरचे कलाकार फुकट दिसतात; आवडले तर त्यांच्या टोपीत पैसे टाकावेत, तीच त्यांची मिळकत.

लंडनमधल्या प्रवासाबद्दल. प्रत्येकाचे कार्ड (बँकेचे किंवा ऑयस्टर हे लंडनचे प्रवासकार्ड) वेगळे हवे, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. ट्यूबमध्ये शिरताना जे कार्ड टेकवले तेच उतरताना टेकवायचे. आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना मोबाइल असे केले तर यंत्राला दोन अपुरे प्रवास दिसतात आणि दोन्हींचे कमाल भाडे कापले जाते. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचे, रोख पैसे चालत नाहीत. अकरा वर्षांखालची मुले मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट जातात. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी ऑयस्टर कार्डावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून घालून घ्यावी, चौदा दिवस निम्मे भाडे पडते. बँकेच्या कार्डावर ही सवलत मिळत नाही.

लंडनबाहेरच्या गाड्यांची ‘ॲडव्हान्स’ तिकिटे साधारण आठ ते बारा आठवडे आधी खुली होतात आणि ती फक्त त्याच गाडीला चालतात. मुले बरोबर असतील तर ‘फॅमिली अँड फ्रेंड्स’ रेलकार्डाचा हिशेब करून पाहावा: मोठ्यांना एक तृतीयांश, पाच ते पंधरा वयाच्या मुलांना साठ टक्के सूट. लंडन-एडिनबरो एका फेरीत कार्डाची किंमत बहुधा निघून येते.

सामानाचे सांगायचे तर संत्रा बर्फी, पेढे, तूप नेऊ नये. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला तिथे मनाई आहे, विमानतळावर काढून घेतात. चिवडा, चकली खुशाल न्यावी. आणि नागपूरकरांनी थंडीबरोबर उकाड्याचाही विचार करावा. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमध्ये पारा ४०.३ अंशांवर गेला होता. आपल्याला तो आकडा किरकोळ वाटेल, पण तिथल्या कित्येक हॉटेलांत एसी नसतो, पंखाही मागून घ्यावा लागतो आणि खोल बोगद्यांतल्या ट्यूबमध्ये दुपारी गुदमरायला होते. खोली घेतानाच एसीबद्दल विचारावे.

युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही, त्यांचा वेगळा काढावा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यावर निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. मेच्या मध्याला निघायचे असेल तर अर्ज फेब्रुवारीच्या उत्तरार्धात भरून टाकावा. पैसे परत न मिळणारी तिकिटे व्हिसा मिळेपर्यंत काढू नयेत.

आपला,
सहलींचे कार्यक्रम आखून देणारा एक वाचक
धरमपेठ, नागपूर