श्रद्धा, पथ्य आणि औषध : डॉक्टर मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. एरवी प्रत्येक सूचना काटेकोरपणे पाळणारा तुझा रुग्ण केवळ कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे आहे म्हणून औषध नाकारतो, आणि अशा वेळी वैद्यकशास्त्राने हात टेकायचे का, असे तू विचारले आहेस. रुग्णालयाच्या आहारविभागात काम करताना माझे याबाबत एक मत पक्के झाले आहे, ते सविस्तर लिहितो. रुग्णाची श्रद्धा उपचाराच्या आड येते हे खरे. पण त्याहून अधिक वेळा आपण तिची चौकशीच करत नाही म्हणून उपचार फसतो.

तुझा रुग्ण निदान बोलला, हे मला मोलाचे वाटते. जिलेटिन गुरांच्या किंवा डुकरांच्या कातडीतील आणि हाडांतील कोलॅजेनपासून तयार होते. डुक्कर निषिद्ध मानणारा, गाय पवित्र मानणारा आणि कोणताही प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करणारा, अशा तिघांचाही आक्षेप वेगवेगळ्या कारणांनी त्याच एका आवरणावर येऊन ठेपतो. यांतील बरेच जण डॉक्टरांसमोर मान डोलावतात आणि घरी गेल्यावर कॅप्सूल उघडून आतील दाणे चिरडून पाण्याबरोबर घेतात. जठरातील आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल या औषधाच्या कॅप्सूलमध्ये त्या बारीक दाण्यांवर जठरातील आम्लापासून संरक्षण करणारा लेप असतो. दाणे चिरडले की तो लेप जातो आणि औषध आतड्यात पोचण्याआधीच निकामी होते. मग रुग्ण म्हणतो, गुण येत नाही. डॉक्टर मात्रा वाढवतात. आणि खरे कारण कोणाच्याच कागदावर येत नाही. वास्तविक वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून केलेली आवरणे उपलब्ध आहेत, अनेक औषधे गोळीच्या किंवा द्रवाच्या रूपातही मिळतात. त्यासाठी फक्त एक प्रश्न विचारावा लागतो.

अर्थात प्रत्येक ठिकाणी पर्याय इतका सोपा नसतो. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन मुख्यत्वे डुकराच्या आतड्यापासून काढतात, आणि हृदयात बसवण्याच्या जैविक झडपा डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरणापासून बनवतात. इन्सुलिनही अनेक दशके गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून मिळवले जात असे. १९८२ मध्ये जिवाणूंकडून तयार करून घेतलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली आणि एक मोठी अडचण हळूहळू आपोआप दूर झाली.

पर्याय नसतो तेव्हा काय करायचे, याचे उत्तर बहुतेक धर्मांनी स्वतःच देऊन ठेवले आहे, आणि आपल्या व्यवसायात याची जाण फार कमी आढळते. यहुदी धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी जवळजवळ सर्व निर्बंध बाजूला सारता येतात. योम किप्पूर या पवित्र दिवसाचा उपवासही धोक्यात असलेल्या रुग्णाने मोडावा, असाच नियम आहे. कुराणात रमजानच्या रोजांच्या संदर्भात आजारी माणसाला आणि प्रवाशाला स्पष्ट सूट दिलेली आहे. तरीही १३ देशांतील १२,००० हून अधिक मधुमेही मुस्लिमांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, टाइप १ मधुमेह असलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के आणि टाइप २ असलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक रमजानमध्ये किमान १५ दिवस रोजे ठेवत असल्याचे आढळले. त्या महिन्यात रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण टाइप १ मध्ये जवळजवळ पाचपट आणि टाइप २ मध्ये सातपटीहून अधिक झाले होते.

सूट असूनही माणसे ती का घेत नाहीत, हे समजून घेतल्याशिवाय हे आकडे उमगणार नाहीत. सारे घर पहाटे एकत्र उठते, दिवसभर संयम पाळते आणि सूर्यास्ताला एकत्र बसते, त्या वेळी आपण आजारी म्हणून वेगळे पडावे, हे अनेकांना आजारापेक्षाही जड जाते. अशा माणसाला 'रोजे ठेवू नका' एवढेच सांगितले तर तो वाद घालत नाही. तो पुढच्या वेळी विषयच काढत नाही आणि इन्सुलिनची मात्रा स्वतःच्या अंदाजाने कमी-जास्त करतो. म्हणून रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाला बोलावून धोका तपासावा, औषधांच्या वेळा आणि मात्रा बदलून द्याव्यात, आणि साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर त्याच क्षणी रोजा सोडायचा हे आधीच ठरवून घ्यावे. बोटाला टोचून साखर तपासल्याने रोजा मोडत नाही, हे बहुसंख्य धर्मपंडितांना मान्य आहे. परंतु अनेक रुग्णांना ते ठाऊक नसते, आणि ही एक गोष्ट सांगितल्यानेही जीव वाचू शकतो.

'हात टेकणे' या तुझ्या शब्दांवर मला आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे अनुयायी रक्त घेत नाहीत. ह्यूस्टनचे शल्यविशारद डेंटन कूली यांनी त्यांना परत पाठवण्याऐवजी रक्त न देता हृदयशस्त्रक्रिया करण्याची पद्धत बसवली आणि १९७७ मध्ये अशा ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. रक्ताचा थेंबन् थेंब राखणारे ते शस्त्रकौशल्य पुढे इतर रुग्णांच्याही कामी आले. श्रद्धेने घातलेली मर्यादा इथे शास्त्राला पुढे घेऊन गेली, असे मी मनापासून मानतो.

मात्र श्रद्धेच्या बाजूने बोलताना पुरावा सोडायचा नाही, हेही तितकेच खरे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,८०२ बायपास रुग्णांवरील अभ्यासात अनोळखी लोकांनी केलेल्या प्रार्थनेचा काहीही लाभ दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित ठाऊक होते, त्यांच्यात गुंतागुंत किंचित अधिक, ५९ टक्के होती. चरकसंहितेने दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय अशी तीन प्रकारची चिकित्सा सांगितली आहे : मंत्र, होम, उपवास पहिल्यात, आहार आणि औषध दुसऱ्यात, मनाचा निग्रह तिसऱ्यात. ही मांडणी मला आवडते, कारण तिने तिन्ही वेगवेगळ्या ठेवल्या. प्रार्थनेने रुग्णाला धीर येत असेल तर तिला जागा द्यावी. पण तिला प्रतिजैविकाची जागा देऊ नये.

आणि मुलांच्या बाबतीत माझी भूमिका पूर्णपणे वेगळी आहे. अमेरिकेत केवळ प्रार्थनेवर विसंबून उपचार टाळले गेल्याने १९७५ ते १९९५ या काळात मरण पावलेल्या १७२ मुलांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४० मुलांचे आजार असे होते, की उपचार मिळाले असते तर जगण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. प्रौढ माणसाने पुरेशी माहिती घेऊन स्वतःपुरता नकार दिला, तर तो दुःखाने का होईना, मी मान्य करीन. पण ज्या मुलाने अजून कोणतीच श्रद्धा स्वतः निवडलेली नाही, त्याच्या वतीने दिलेला असा नकार मी मान्य करणार नाही. तिथे आईवडिलांशी अखेरपर्यंत आदराने बोलावे, त्यांच्या धर्मगुरूंनाही बोलवावे, आणि तेवढ्याने भागले नाही तर वेळ न घालवता न्यायालयाचा आदेश मागावा.

तुझा स्नेहांकित