‘की’ची किल्ली इंग्रजीला लागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की ठाण्यातल्या क्लासांमध्ये ‘डायरेक्टचं इनडायरेक्ट’ करण्याचा रतीब सुरू होतो. अवतरणचिन्हं काढा, ‘दॅट’ घाला, ‘विल’चं ‘वुड’ करा, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’ करा, झाले गुण वसूल. हे सगळं बिनचूक करणारी मुलं पुढे नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांत बसून ‘ही टोल्ड दॅट’ आणि ‘शी आस्क्ड दॅट व्हेअर आर यू’ असं लिहितात. कारण कोणत्या क्रियापदापुढे काय लागतं, हे त्या रतिबात शिकवलं जात नाही.

ही अडचण मुळात आपल्या ‘की’मुळे होते. म्हणाला की, सांगितलं की, विचारलं की, वाटलं की, कळलं की, सुचवलं की, सगळ्या दारांना ही एकच किल्ली लागते. शाळेच्या व्याकरणात ते ‘स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय’. नाव भारदस्त, पण स्वभाव भलताच मोकळा. ‘की’च्या पुढे विधान येतं, प्रश्न येतो, आज्ञा येते, बोलणाऱ्याचे मूळ शब्दही जसेच्या तसे येतात. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियापदाचं कुलूप वेगळं.

सोसायट्यांच्या ग्रुपवर दिसतो तसला एक नमुना घेऊ : ‘सेक्रेटरी टोल्ड दॅट आय विल कम टुमॉरो अँड चेक द पंप.’ याचं मराठी निर्दोष आहे : ‘सेक्रेटरींनी सांगितलं की मी उद्या येऊन पंप बघतो.’ यातला ‘मी’ म्हणजे सेक्रेटरी, हे आपल्याला सांगावं लागत नाही. इंग्रजीत ‘दॅट’च्या पुढचा आवाज निरोप लिहिणाऱ्याचा असतो, त्यामुळे ‘आय’ म्हणजे लिहिणारा स्वतः. म्हणजे या निरोपानुसार पंप बघायला लिहिणाऱ्यानेच जायचं आहे! शिवाय निरोप दुसऱ्या दिवशी सकाळी वाचला, तर ‘टुमॉरो’ आणखी एक दिवस पुढे सरकतो. आणि ‘टोल्ड’ला माणूस दिलेलाच नाही. हवं होतं ते असं : ‘द सेक्रेटरी टोल्ड अस ही वुड कम ऑन ट्यूजडे अँड चेक द पंप.’ वार लिहिला की ‘नेक्स्ट डे’च्या कसरती कराव्या लागत नाहीत. मंगळवार अजून यायचा असेल, तर रोजच्या बोलण्यात ‘वुड’च्या जागी ‘विल’ही चालतं. क्लासमध्ये त्यावर लाल रेघ पडेल, ती वेगळी गोष्ट. ‘ही सेड द ऑफिस क्लोजेस ॲट सिक्स’ हेही बरोबर, ऑफिस आजही सहालाच बंद होत असेल तर.

आता कुलपांकडे येऊ. टेल, इन्फॉर्म, रिमाइंड, अशुअर, कन्व्हिन्स यांच्या लगेच पुढे माणूस लागतो आणि मग ‘दॅट’ : ‘टोल्ड मी दॅट’, ‘रिमाइंडेड अस दॅट’. ‘प्लीज इन्फॉर्म दॅट’ हे ऑफिसात सर्रास चालतं, पण कोणाला कळवायचं ते त्यात नसतं. से, एक्स्प्लेन, मेन्शन, सजेस्ट, अनाउन्स यांना माणूस आवश्यक नाही. तो आणायचाच असेल, तर मध्ये ‘टू’ घालावा लागतो : ‘एक्स्प्लेन्ड टू मी दॅट’. ‘एक्स्प्लेन्ड मी’ आणि ‘सेड मी’ हे थेट ‘मला समजावलं’, ‘मला म्हणाला’वरून आलेलं. आपला ‘ला’ दोन्हीकडे सारखाच दिसतो, म्हणून ही चूक सहजासहजी सुटत नाही. तपासायची सोपी रीत आहे. क्रियापदापुढचा सगळा मजकूर हाताने झाकायचा आणि ‘कोणाला?’ असं विचारायचं. ‘ही टोल्ड…’ एवढंच उरलं, तर वाक्य लंगडतं. ‘ही सेड…’ लंगडत नाही.

‘सजेस्ट’ची खोड आणखी एक. ‘डॉक्टर सजेस्टेड मी टू टेक रेस्ट’ हे निम्म्या रजेच्या अर्जांत सापडेल. ‘टू टेक’ हवं असेल, तर ‘ॲडव्हाइज्ड मी’ किंवा ‘टोल्ड मी’ लिहावं. ‘सजेस्ट’च ठेवायचं असेल, तर ‘सजेस्टेड दॅट आय टेक रेस्ट’. ‘वाँट’चं बरोबर उलटं. ‘तुम्ही यावं असं मला वाटतं’ या वळणाने ‘आय वाँट दॅट यू कम’ लिहिलं जातं, पण ‘वाँट’ला ‘दॅट’ चालतच नाही. ‘आय वाँट यू टू कम.’

‘आस्क’ला प्रश्न सांगताना ‘दॅट’ नको. ‘त्यांनी विचारलं की बिल का अडकलं’ यातला ‘की’ इंग्रजीत नेला, की ‘दे आस्क्ड दॅट व्हाय इज द बिल डिलेड’ हा प्रकार होतो. त्यात दोन चुका. ‘व्हाय’ आला की ‘दॅट’ गेला. आणि प्रश्नाची उलटी रचनाही गेली : ‘दे आस्क्ड व्हाय द बिल वॉज डिलेड.’ हो-नाहीचा प्रश्न असेल, तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’.

सगळ्यात मोठा घोळ मात्र ‘कळणे’ कुळातल्या क्रियापदांचा. कळलं, समजलं, जाणवलं, उमगलं, लक्षात आलं : मराठीत एवढे पदर असताना इंग्रजीत सगळ्यांच्या गळ्यात एकच ‘आय केम टू नो’ बांधलं जातं. ते चूक नाही, पण रोजच्या इंग्रजीत अवघडलेलं वाटतं. मैत्रिणीची बदली झाल्याचं कोणी सांगितलं, तर ‘आय हर्ड’. चौकशी करून कळलं, तर ‘आय फाउंड आउट’. डोळ्यांना दिसलं, तर ‘आय नोटिस्ड’. आणि ठाणे-वाशी गाडीतून घणसोलीला उतरल्यावर हात हलका वाटला आणि डोक्यात प्रकाश पडला की डबा गाडीतच राहिला, तर ‘आय रिअलाइज्ड आय हॅड लेफ्ट माय टिफिन ऑन द ट्रेन’. बाहेरून कोणी काही सांगितलेलं नाही, आतल्या आत दोन टोकं जुळली, तिथे ‘रिअलाइज’.

‘आय गॉट रिअलाइज्ड’ कुठून येतं, तेही उघड आहे. मराठीत ‘मला’ जाणीव होते, ‘माझ्या’ लक्षात येतं. माणूस जागच्या जागी बसून असतो आणि जाणीवच चालत येते. ‘रिअलाइज’मध्ये माणूस कर्ता आहे. आपल्याच वळणाने बोलायचं असेल, तर इंग्रजीत त्याचीही सोय आहे : ‘इट स्ट्रक मी दॅट’, ‘इट अकर्ड टू मी दॅट’. तिथे ‘मला’ अगदी फिट्ट बसतं.

‘रिअलाइज’मध्ये आणखी एक गोम आहे. पॉल आणि कॅरोल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९७० साली ‘फॅक्ट’ नावाच्या लेखात ती मांडली. काही क्रियापदं पुढचं विधान खरं धरूनच चालतात, आणि नकार दिला तरी ते खरंच राहतं. ‘आय डिडन्ट रिअलाइज द गेट वॉज लॉक्ड’ म्हटलं, तरी गेटला कुलूप होतंच. ‘आय डिडन्ट थिंक द गेट वॉज लॉक्ड’ यातून कुलपाचा पत्ता लागत नाही. मराठी हा फरक बहुतेक वेळा ‘हे’ आणि ‘असं’ यांवर सोपवते : गेट बंद आहे ‘हे’ लक्षात आलं नाही, गेट बंद आहे ‘असं’ वाटलं नाही. इंग्रजीत दोन्हीकडे तोच ‘दॅट’ (किंवा तोही नाही), आणि सगळा भार क्रियापदावर. म्हणून तक्रारअर्जात फार जपावं. विमा कंपनीला ‘युवर सर्व्हेअर रिअलाइज्ड दॅट द वायरिंग वॉज ओल्ड’ असं लिहिणाऱ्याने वायरिंग जुनं असल्याचं स्वतःच कबूल केलं. ‘क्लेम्ड’ किंवा नुसतं ‘सेड’ लिहिलं असतं, तर ते सर्व्हेअरचं म्हणणं राहिलं असतं.

‘दॅट’ गाळायचा कधी? बोलण्यात से, टेल, थिंक, नो यांच्यापुढे तो बहुतेक वेळा गळतोच. ‘आय थिंक दॅट यू आर राइट’ असं दर वेळी म्हणणारा भाषण ठोकतोय असं वाटतं. मध्ये वेळ-काळ आला, तर मात्र ठेवावा. ‘ही सेड ऑन मंडे द वॉटर वुड बी कट’ यात सोमवार बोलण्याचा की पाणी जाण्याचा? ‘सेड दॅट ऑन मंडे’ लिहिलं, तर पाणी सोमवारी जाणार. ‘सेड ऑन मंडे दॅट’ लिहिलं, तर तो सोमवारी बोलला. पाणीकपातीच्या दिवसांत एवढ्या एका शब्दावर बादल्या भरून ठेवायच्या की नाही, हे ठरतं.

आणि ‘दॅट’नंतर स्वल्पविराम नको. आपण ‘म्हणाला की,’ असं थांबून बोलतो, लिहितोही तसंच, आणि तोच थांबा ‘सेड दॅट,’ म्हणून इंग्रजीत जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर कँडी यांनी विरामचिन्हं इंग्रजीवरूनच मराठीत रुळवली. ती आपण आता भलत्या जागी परत करतोय.

जाता जाता थोडं वृत्तपत्रांबद्दल, आपल्याही. बातम्यांत ‘म्हणाले’ला पर्याय म्हणून सरसकट ‘स्पष्ट केले’ छापलं जातं. कंत्राटदाराने ‘रस्त्याचे काम दर्जेदार असल्याचे स्पष्ट केले’ म्हटलं, की काम दर्जेदार आहे, ही ग्वाही कंत्राटदाराबरोबर वृत्तपत्रानेही दिली, असा अर्थ होतो. ‘सांगितले’ पुरेसं असतं. शंका असेल तिथे ‘दावा केला’.

आपल्या,
इंग्रजी शिकवणाऱ्या दोघी, नौपाडा, ठाणे